लगोरी वाजवा

दादा खुर्चीत बसला. झालं ते एवढंच. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. रविवारची सकाळ होती, आमच्या घरापुढचा रस्ता गाड्यांना बंद होता आणि दोन खांबांच्या मध्ये जुन्या खेळांबद्दल काहीतरी गोडगोड लिहिलेला कापडी फलक ताणला होता. डांबरावर खडूची वर्तुळं, एका कडेला ठिकरीची घरं, दुसऱ्या कडेला दोरीच्या उड्या आणि मधोमध लगोरी. हे सगळं रहिवाशांच्या समितीने घडवून आणलं होतं, आणि समिती म्हणजे मुख्यतः एकच माणूस. गळ्यात शिट्टी, हातात माइक, अंगात पिवळा टी-शर्ट. मी त्याला मनातल्या मनात शिट्टीवाला म्हणते. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. आम्ही भाऊबहीण दूध आणायला निघालो होतो, दादाचा हात माझ्या कोपराला होता, आणि तेवढ्यात लगोरी फुटली. फरशीचे तुकडे डांबरावर पसरतात त्याचा खडखडाट दुसऱ्या कशाचाही नसतो. दादाची पावलं थांबली, माझ्या कोपरावरची बोटं आवळली. मला वाटलं, आता हा म्हणणार, चल, खेळू. तोवर शिट्टीवाला धावत आला, ‘काका, या या, तुमच्यासाठी खास जागा आहे,’ म्हणाला, सावलीत एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि माइकवरून सांगून टाकलं की आज आपल्यात एक दृष्टिहीन काका आले आहेत, त्यांचं इथे असणं हीच आपल्या सर्वांना प्रेरणा आहे, तर जोरदार टाळ्या. आणि दादा, माझा दादा, ‘थँक्यू’ म्हणाला आणि बसला. गुडघ्यांवर हात, मान जराशी वर, फोटो काढून घ्यायला बसतात तसा. मी दूध आणायला एकटीच गेले.

यात चिडण्यासारखं काय होतं, असं कुणी विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणायची, आणि तिचं बरोबरच होतं. पण हा राग नाकाच्या शेंड्यावरचा नव्हता, तो पार पोटात उतरला होता. सोमवारी कामावर गेले तरी तो बरोबर आला. मी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतते, मेणाच्या हिरड्या बसवते, त्यात एकेक दात लावते, आणि वरचा जबडा खालच्यावर नीट बसतोय का ते बिजागरीवर उघडझाप करून बघते. लोकांचे दात त्यांच्या घशात घालायचं काम जगात पुष्कळजण करतात, मी ते तोंडात बसवून देते. काम असं आहे की हात चालू राहतात आणि डोकं मोकळं सुटतं. त्या दिवशी ते सुटलं ते सरळ त्या खुर्चीपाशी गेलं. मेणाचं पान दिव्यावर मऊ करता करता मी दादाला खुर्चीत बसलेला बघत होते, आणि बघता बघता पान वितळून टेबलावर ओघळलं. शेजारच्या टेबलावरचा पोरगेला कारागीर म्हणाला, ‘काकू, आज राग कुणावर?’ मी म्हटलं, ‘तुझ्यावर नाही, तू आपली कवळी घास.’

कारण दादाला बसताना मी पाहिलंच नव्हतं असं नाही. एकदा पाहिलं होतं, आणि ते बसणं माझ्या हाडात गेलं आहे. दादा लहान असताना तापात त्याचे डोळे गेले. मी त्याच्याहून लहान, त्यामुळे डोळे असलेला दादा मला आठवतच नाही. आठवतो तो आमच्या गल्लीतला, जिन्याचा कठडा धरून खाली उतरणारा दादा, आणि मी त्याच्या मागे त्याच्या सदऱ्याचं टोक धरून. कोण कोणाला नेत होतं ते मला आजही सांगता येत नाही. गल्ली अरुंद होती, दोन्हीकडच्या खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे थेंबथेंब गळायचे, आणि खाली दिवस मावळेपर्यंत लगोरी चालायची. एकावर एक रचलेले फरशीचे तुकडे चेंडूने पाडायचे, पाडणाऱ्यांनी ते परत रचायचे आणि समोरच्यांनी त्यांना चेंडूने टिपायचं. नेम चुकला आणि समोरच्याने एका टप्प्यात चेंडू झेलला तर फेकणारा बाद. एवढाच खेळ. तो चालवायची एक उंच, काटकुळी मुलगी. तिला सगळे हवालदार म्हणायचे, तिच्या तोंडावरसुद्धा. तिने दादाला बघितलं, मला बघितलं, आणि गल्लीचा जो शिरस्ता होता तो सांगितला. ‘घ्या याला. कच्चा लिंबू.’

कच्चा लिंबू म्हणजे काय ते लहानपणी कधीतरी झालेला माणूसच सांगू शकेल. तुम्ही खेळात असता आणि नसता. तुम्ही पळता, ओरडता, पण तुम्हाला कुणी बाद करत नाही, तुमच्यावर कधी राज्य येत नाही, तुम्ही जिंकलात तरी ते कुणी धरत नाही. सगळे तुमच्याशी गोड वागतात. तान्ह्या पोरांना, पाहुण्यांच्या मुलांना, रडून घर डोक्यावर घेणाऱ्या धाकट्या बहिणींना कच्चा लिंबू करतात. मी होतेच, मला त्याचं काही वाटत नव्हतं. दादाला वाटलं. तो पुढे गेला, पायांनी चाचपत लगोरीपर्यंत पोचला, आणि त्या रचलेल्या फरशांवर चक्क बसला. वरचे तुकडे घरंगळले, खालचे त्याच्या बुडाखाली. ‘मला राज्य द्या,’ तो म्हणाला, ‘नाहीतर खेळ बंद.’ कुणी ओढलं तर तो फरशी धरून बसला. कुणीतरी वर जाऊन आईला सांगितलं. आई पिठाच्या हातांनी खाली आली आणि हवालदारला म्हणाली, ‘अगं, घ्या ना त्याला कच्चा लिंबू म्हणून. तेवढंच त्याचं मन रमेल.’ तेव्हा दादा आईवर जो ओरडला, तसा तो पुढे कधीही कुणावर ओरडला नाही. त्याला शब्दच नव्हते. नुसता आवाज होता, आणि वरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. आईचा चेहरा मला आठवतो. तिला लाज वाटली ती मुलाची नाही, स्वतःची, हे मला फार पुढे समजलं.

हवालदारला दया आली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट ज्यांना सांगितली ते सगळे ‘किती समजूतदार मुलगी’ म्हणून मोकळे झाले. समजूतदार कुठली. तिला खेळायचं होतं, अंधार पडत आला होता आणि हा बाबा फरशांवरून उठत नव्हता. ‘दिसत नाही तर नाही,’ ती म्हणाली, ‘ऐकू तरी येतं का?’ दादाने मान हलवली. ‘मग ऊठ, आणि तिकडे जा.’ तो उठला. तिने लगोरी रचली, एक तुकडा हातात घेतला आणि वरच्या फरशीवर टक्‌ टक्‌ आपटला. ‘इकडे मार.’ पहिला चेंडू भलतीकडेच गेला. दुसरा कुणाच्या तरी कानाला लागला. पण त्या संध्याकाळपासून दादा खेळात आला तो आलाच. चेंडू कुठे गेला ते त्याला कळत नाही म्हणून हवालदारने रबराच्या चेंडूला ब्लेडने चीर दिली, आत खडे भरले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढून वर चढवली. तो चेंडू धड उसळायचा नाही, पण खुळखुळायचा. लगोरी वाजवायची ती समोरच्या संघाने, म्हणजे शत्रूने. त्यावरून भांडणं व्हायची, कारण शत्रू शेवटी शत्रूच. एक लबाड पोरगा फरशी लगोरीवर न आपटता बाजूच्या पायरीवर आपटायचा. दादा हात खाली घेऊन म्हणायचा, ‘ती पायरी आहे. रडीचा डाव खेळू नकोस.’ मग मारामारी. खरीखुरी, सदरे फाटेपर्यंत. दादाचा ओठ फुटला की आई हवालदारच्या आईकडे जायची, आणि दादा आईकडे कानाडोळा करून परत खाली.

मग आमच्या गल्लीत एक नवं बिऱ्हाड आलं, त्यांच्या मुलाने विचारलं की तो आंधळा म्हणून त्याच्यासाठी वाजवता, मग माझ्यासाठी का नाही. हवालदारला समजावून सांगायचा कंटाळा होता. ‘सगळ्यांनाच वाजवतात,’ ती म्हणाली, ‘नियम आहे.’ आणि तो खरंच नियम होऊन बसला. आमच्यानंतरची पोरं, जी दादा खेळायचा बंद झाल्यावर खाली उतरली, तीसुद्धा लगोरी वाजवल्याशिवाय चेंडू फेकत नसत, का ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही कुठे माहीत होतं? मोठ्या शाळेत गेल्यावर खेळाच्या बाईंनी माझ्या हातात नवाकोरा चेंडू दिला, मी तो कानाशी नेऊन हलवला आणि परत दिला. ‘बाई, हा बिघडलाय. वाजत नाही.’ सगळा वर्ग हसला. मग लगोरी रचली तेव्हा मी शहाण्यासारखी जाऊन ती वाजवली, तर मुली म्हणाल्या, ‘हिला बाजूला करा, ही काय करतेय.’ घरी येऊन मी दादाला विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं जिन्यात बसून राहिलो, जगात इतर कुठेच लगोरी वाजवत नाहीत या बातमीने पार सुन्न. मग दादा म्हणाला, ‘म्हणजे बाकी सगळे चुकीचं खेळतात.’ आणि तो विषय त्याच्यापुरता संपला.

हा माणूस प्लास्टिकच्या खुर्चीत थँक्यू म्हणून बसतो तेव्हा मला काय होतं ते आता कुणाला पटेल की नाही, मला पर्वा नाही.

बुधवारी मी त्याला विचारलं. स्वयंपाकघरात तो भांडी पुसून फडताळात लावत होता. प्रत्येक भांड्याची जागा त्याला पाठ असते, आणि मी एखादी वाटी इकडची तिकडे केली तर माझा उद्धार होतो. ‘का बसलास?’ मी म्हटलं. कुठे, असं त्याने विचारलं नाही. ‘खुर्ची दिली म्हणून.’ ‘उद्या कुणी पाळणा दिला तर झोपशील?’ तो हसला नाही. ‘ठके,’ तो म्हणाला, लहानपणापासून तो मला ठकी म्हणतो, ‘पन्नाशी उलटलीय. तिथे पोरं वाऱ्यासारखी पळतात. पडलो तर तुलाच उचलावं लागेल.’ ‘उचलीन. नाही जमलं तर लोळत पड.’ त्याने ताट पुसलं, ते कोरडं झालं तरी पुसत राहिला. ‘काही ठिकाणी जागा दिली की बसावं,’ तो म्हणाला. ‘सगळीकडे भांडत बसायचं नसतं. तू भांडतेस, बघ तुझं काय झालं.’ माझं काय झालं ते तसं सगळ्यांना माहीत आहे. मी लग्न केलं, ते निस्तरलं, आणि परत आले, नि परत आल्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. त्याला ते माहीत आहे, म्हणून त्याने बोलून झाल्यावर ताट फडताळात लावून टाकलं. घरात मग दोन दिवस नुसती भांड्यांची वाजावाजी, तीही बेताची.

पण त्याच्या बोलण्यातली खरी जागा मला सापडली होती. ‘जागा दिली की बसावं’ हे वाक्य रस्त्यावरचं नव्हतंच, ते त्याच्या ऑफिसातलं होतं. दादा लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर होता. अडकलेली माणसं लिफ्टमधलं बटण दाबतात, तो फोन त्याच्याकडे यायचा. दिवे गेलेले, माणसं बावचळलेली, कुणी रडतंय, कुणी शिव्या घालतंय, आणि पलीकडून दादाचा शांत आवाज. ‘अंधार आहे ना? इथेही अंधारच आहे. सवय होते. आधी दाराला लाथा मारणं थांबवा, मला ऐकू येत नाही.’ मिस्त्री पोचेपर्यंत तो त्यांच्याशी काहीबाही बोलत बसायचा. आंधळ्यांवरच्या म्हणी त्याला झाडून सगळ्या पाठ, त्या तो मुद्दाम सांगायचा. आंधळा मागतो एक डोळा, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. पलीकडचा माणूस ओशाळून हसायला लागायचा, आणि हसणारा माणूस गुदमरत नाही, असं दादाचं म्हणणं. यंदा कंपनीने फोनवर यंत्राचा आवाज बसवला. अमुक आकडा दाबा, तमुक आकडा दाबा, घाबरू नका. दादाला कुणी काढलं नाही. काढलं असतं तर तो भांडला असता. साहेबांनी त्याला खिडकीजवळचं टेबल दिलं, नवी मऊ खुर्ची दिली, कसलासा मार्गदर्शक असा हुद्दा दिला आणि सांगितलं, तुम्ही फक्त येत जा, तुमचं असणंच स्टाफला प्रेरणा आहे. टेबलावर फोन नाही. सकाळी जातो, बसतो, संध्याकाळी येतो. सगळे त्याच्याशी गोड वागतात. त्याने मला हे काही महिन्यांपूर्वी सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, चला, दगदग वाचली. आता हात प्लास्टरमध्ये बुडालेले असताना मला लख्ख समजलं की त्यांनी माझ्या भावाला कच्चा लिंबू केलं आहे, आणि या वेळी त्याने फरशी धरून ठेवली नाही. तो शिकत होता. रोज थोडं थोडं बसायला शिकत होता, आणि रविवारपर्यंत त्याला चांगलं जमायला लागलं होतं. अजून एक वर्ष गेलं तर त्याला कोणीच उठवू शकणार नाही, मीसुद्धा नाही. मला भीती वाटली. आई गेली तेव्हाही अशी वाटली नव्हती.

शनिवारी मी शिट्टीवाल्याला जिन्यात गाठलं आणि म्हटलं, ‘उद्या लगोरीत माझं नाव घ्या.’ तो हसला, मग मी हसत नाही हे बघून थांबला. ‘ताई, मोठ्यांसाठी आपण दोरखंड ओढायचा ठेवलाय.’ मी म्हटलं, ‘दोरखंड तुम्ही ओढा. मी लगोरी खेळणार.’ नाही म्हणायला त्याच्याकडे काही नव्हतं. दादाला मी घरी येऊन सरळच सांगितलं, आडून काही केलं नाही. ‘मी उद्या खेळणार आहे. तुला यायचं तर ये.’ तो म्हणाला, ‘हाडं मोडून घेशील.’ मी म्हटलं, ‘माझी आहेत.’

तो आला. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आला, आणि त्या इस्त्रीनेच मला सांगितलं की तो खुर्चीसाठी आला आहे. खाली मागच्यासारखाच गलका होता. आम्ही रस्त्यावर उतरलो आणि दादाची पावलं आपणहून सावलीच्या दिशेने वळायला लागली. एकदाच गेलेली वाट, पण त्याला पाठ झालेली. शिट्टीवाल्याने माइक उचलला, ‘आपले लाडके काका’ सुरू झालं. मी त्याला सावलीकडे नेलं नाही. लगोरीपुढे खडूने आखलेल्या फेकायच्या रेघेपर्यंत नेलं, आणि तिथे, भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध, माझं कोपर त्याच्या हातातून सोडवून घेतलं. आंधळ्या माणसाचा हात असा सोडवून घेणं ही काय चीज असते ते मी सांगू शकत नाही. त्याचा हात हवेत राहिला. ‘ठके?’ तो हळूच म्हणाला. गर्दीतल्या दोनतीन बाया माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी त्याला गाडीखाली ढकललं होतं. मी चालत समोर गेले, समोरच्या संघात, लगोरीच्या मागे, गुडघे कुरकुरत होते तरी खाली बसले, फरशीचा एक तुकडा उचलला आणि वरच्या फरशीवर आपटला. टक्‌ टक्‌.

शिट्टी वाजली. ‘ताई, काय करताय?’ माझ्या संघातली एक दोन वेण्यांची मुलगी माझ्यावर वाकली. तिच्या कपाळावर खरचटल्याची ताजी खूण होती, ही चांगली खेळत असणार असं मला उगीच वाटलं. ‘काकू, अशी वाजवत नाहीत.’ ‘वाजवतात,’ मी म्हटलं. ‘नियम आहे.’ शिट्टीवाला माइकवर म्हणाला, ‘ताई, नियमांत असं काही नाही, काकांना प्लीज त्यांच्या जागेवर बसवून घ्या, ऊन आहे.’ मी परत वाजवली. शिट्टी परत वाजली. मी अजून जोरात वाजवली, वरच्या फरशीचा कोपरा उडाला. मला दिसत होतं की मी वेडी दिसत होते. एक पन्नाशीची बाई रस्त्यात उकिडवी बसून दगडावर दगड आपटतेय आणि एका आंधळ्या माणसाला उन्हात उभं करून ठेवलंय. दिसू दे. दादा हलला नव्हता. त्याचं डोकं मात्र किंचित वळलं होतं, डावा कान पुढे, हनुवटी खाली. ती मान मी ओळखत होते. एव्हाना कुणीतरी टाळ्या सुरू केल्या होत्या, काकांना उत्तेजन म्हणून, आणि मग सगळ्यांनीच केल्या, मोठी माणसं, पोरं, बाल्कन्यांतली माणसं. माझा टक्‌टकाट त्यात बुडून गेला. दादाचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

‘टाळ्या बंद करा,’ तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. मग तो ओरडला. शब्द धड नव्हते, निम्मा नुसता आवाजच होता, आणि बाल्कन्यांतली माणसं वाकून बघायला लागली. ‘बंद करा टाळ्या. ती शिट्टी पण. मला ऐकू येत नाहीये.’

सगळा रस्ता चूप झाला. कुठेतरी एका कुत्र्याने अंग झाडलं तेही ऐकू आलं. दादाने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, इस्त्री गेली. ‘चेंडू द्या,’ तो म्हणाला. एकाने आणून दिला. त्याने तो हातात फिरवून पाहिला. ‘वाजव,’ तो म्हणाला, आणि ते ‘ठके, वाजव’ नव्हतं, नुसतं ‘वाजव’ होतं, शत्रूला म्हणतात तसं. मी वाजवली. पहिला चेंडू त्याच्या वयाच्या माणसाला शोभणार नाही इतक्या जोरात आला, लगोरीच्या पुष्कळ वरून गेला आणि समितीच्या टेबलावर आदळला. बक्षिसांचे कप धडाधड पडले. कुणीतरी चुकचुकलं. दादाने कान त्या बाजूला दिला, ‘वर गेला,’ असं स्वतःशी म्हणाला आणि हात पुढे केला. चेंडू परत मिळाला. मी वाजवली. या वेळी त्याने वेळ घेतला. पाय फाकवले, डावा पाय पुढे टाकला, खांदा उतरवला. गल्लीतला तोच खांदा, फक्त त्यावर आता मांस चढलं होतं. चेंडू सुटला.

तो लगोरीपासून बोटभर अंतरावरून गेला. बोटभरच. मला त्याचा वारा लागला. डांबरावर त्याचा टप्पा पडला आणि तो वर उठला तो बरोबर माझ्यासमोर, सावकाश, एखाद्याने हातात आणून द्यावा तसा. मी उभी होते की बसले होते ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की वेळ पुष्कळ होता. गर्दी श्वास धरून होती आणि मला कळत होतं की सगळ्यांना काय हवं आहे. मी तो सोडावा. हातातून निसटल्यासारखा करावा, या वयाच्या बाईच्या हातून निसटतोच, कुणाला काही कळणार नाही, मग काकांना अजून एक चेंडू मिळेल, कदाचित लगोरी फुटेल, सगळे आनंदाने घरी जातील. मलासुद्धा तेच हवं होतं. माझी बोटं ढिली पडत होती, हे मी खोटं सांगणार नाही. पण मी सोडला असता तर त्याचा दुसरा टप्पा पडला असता, आणि तो एका माणसाला नक्की ऐकू आला असता. तो माणूस रेघेवर कान देऊन उभा होता. मी चेंडू झेलला. दोन्ही हातांत, छातीशी, घट्ट.

‘अगं बाई,’ मागे कुणीतरी म्हणालं. ‘सख्खी बहीण ना ती?’

दादा वाट बघत होता. एक टप्पा पडला होता आणि पुढे काही नव्हतं. ‘कुणी झेलला?’ त्याने विचारलं.

‘मी.’

‘एका टप्प्यात?’

‘एका टप्प्यात.’

शिट्टीवाला धावत मध्ये आला. माइक खाली ठेवून, अगदी घरच्यासारखं म्हणाला, ‘असू दे हो काका, तो धरायचा नाही, आपण तुम्हाला अजून एक चान्स देऊ.’ दादा त्याच्याकडे वळला. ‘का?’ तो म्हणाला. ‘तिने झेललाय ना?’ दादा म्हणाला. ‘मग?’ आणि माझ्या संघातली ती वेण्यांची मुलगी, जिला कुणी काही विचारलं नव्हतं, तिने कमरेवर हात ठेवून सांगून टाकलं, ‘काका बाद आहेत. बाद म्हणजे बाद.’

‘ऐका,’ दादा शिट्टीवाल्याला म्हणाला, आणि रेघ सोडून बाजूला झाला. त्याच्या संघातली बाद झालेली पोरं फुटपाथच्या कडेला रांगेने उभी होती, त्यांच्या कुजबुजीच्या रोखाने तो हात पुढे धरून गेला आणि त्यांच्यात जाऊन उभा राहिला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. कुणीतरी त्याला सरकून जागा दिली, कुणीतरी दिली नाही म्हणून त्याने कोपराने घेतली. मग तो माझ्या दिशेने ओरडला, ‘पुढच्या डावात बघतो तुला.’ त्याच्या आवाजात राग होता. खोटा नाही, खेळातला लाडिक नाही, खराखुरा, दातओठ खाल्लेला राग. कित्येक वर्षांत तो माझ्यावर असा चिडला नव्हता. आपटून आपटून सरकलेल्या फरशा नीट रचायला मी खाली बसले.